पायी चालवणारी कादंबरी

परभणी जिल्ह्यातल्या पालमहून जांभूळबेटाकडे निघायचं आहे आणि सोबत वाचकाला न्यायचं आहे, असं धरू. गोदावरीच्या पात्रातलं हे बेट पालम तालुक्यातच येतं. ‘बेट अत्यंत रमणीय आहे, चहूकडे पाणी आहे, मन प्रसन्न होतं’ असं लिहिलं तर वाचक आपल्या खुर्चीतच राहतो. लेखकाचं मत त्याला कळलं, वाट मात्र कळली नाही.

कसलेला कादंबरीकार बेट शेवटी दाखवील. आधी पांदण लागेल. आषाढ असेल तर काळी माती चपलेला चिकटत जाईल, पाय जड होतील, बरोबरच्यांचं बोलणं कमी होत जाईल. मोर आधी ऐकू येईल, दिसणार नाही. पाणी दिसेल, पण नाव पलीकडच्या काठाला असेल, म्हणजे थांबणं आलं. त्या थांबण्यात शेजारी उभा असलेला कुणी गंगेला, म्हणजे गोदावरीला, मागच्या साली किती पाणी होतं ते सांगत बसेल. एवढं झाल्यावर बेटाचं वर्णन दोन ओळींत उरकलं तरी चालतं, कारण तोवर वाचकाचे पाय दुखलेले असतात. वातावरण उभं राहतं ते विशेषणांवर नाही, असल्या खोळंब्यांवर.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ही युक्ती फार स्वच्छ दिसते. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीकडे पायी निघतो. त्याला गावातलं काही ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. त्यामुळे लेखकाला मध्येच थांबून गावाची ओळख करून द्यावी लागत नाही. कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या ही माणसं मास्तरला भेटतील तशीच आपल्याला भेटत जातात, आणि कुणावर किती विश्वास टाकायचा हे आपण त्याच्याबरोबरच ठरवतो. पाऊसपाणी तर तिथं नुसतं मागच्या पडद्यावर नसतंच. शेकूला बैल मिळत नाही, पेरणी खोळंबते, तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते. पुढं दुष्काळ पडतो आणि मेंढरं घेऊन माणसं वाडी सोडू लागतात. हवा बदलली की कथानक बदलतं. ते वर्णन गाळून पुढं जाऊ म्हटलं तर गोष्टच हातातून सुटते.

गो. नी. दांडेकरांनी दोन्ही तऱ्हा हाताळल्या. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त नर्मदेची परिक्रमा आहे, म्हणजे खरीखुरी चाल. ‘पडघवली’त मात्र अंबावहिनी आपल्या कोकणी घरातून बोलते आणि आपण ओटीवर बसून ऐकतो. तिच्या बोलीतले काही शब्द अडतात, पण पुढच्या पानांवर तेच पुन्हा येतात आणि न सांगता समजून जातात. परक्या गावात राहून भाषा अंगवळणी पडते तसंच हे. माझं मत विचाराल तर प्रवास ‘पडघवली’तच जास्त घडतो. पात्रांनी मैल तोडले म्हणून वाचक चालतोच असं नाही.

श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) तर जागाही बदलत नाही. जगबुडी नदीकाठी खोतांच्या चार पिढ्या होऊन जातात. पहिल्या खंडात पाहिलेला वाडा पुढच्या पिढीत पुन्हा समोर आला की आपल्याला जुनं आठवतं, नव्या पात्रांना ते ठाऊक नसतं. दोन्ही खंड सलग फडशा पाडून वाचले तर हे जाणवायला उसंत मिळत नाही. एक पिढी संपली की पुस्तक चार दिवस मिटून ठेवावं.

परभणीत नोकरी करत लिहिणाऱ्या बी. रघुनाथांनी (१९१३–१९५३) निजामी राजवटीतला मराठवाडा कादंबरीत आणला. तो वाचताना पालमच्या वाचकाला माती ओळखीची आणि अंमल परका लागतो, म्हणून त्याची वाट अंतराची नसून काळाची असते. शिवाय हा वाचक कडक तपासनीस असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला चिखल हा नुसता चिखल, याला मात्र महिना कोणता, पाऊस किती झाला, रान कोणतं, हे सगळं लागतं. लेखकानं कोरडवाहू कापूस श्रावणातच फुटवला, तर त्या पानानंतर तो त्याच्या वादळावरही विश्वास ठेवत नाही.