नावात सुगंध, नशिबात बाजार

मलिक अंबर हे पूर्ण नाव नव्हे. ‘मलिक’ हा किताब, ‘अंबर’ हे नाव. आपल्याकडच्या आकाशवाचक ‘अंबर’शी त्याचा काही संबंध नाही. अरबीत ‘अन्बर’ म्हणजे स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा, लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारा सुगंधी पदार्थ. अत्तरवाले त्याला सोन्याच्या मोलाने घेत.

इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेल्यावर बगदादच्या धन्याने त्याला ‘अंबर’ हे नाव दिले. गुलामांना सुगंधांची नि रत्नांची नावे देण्याची अरबी जगात जुनी रीत होती: काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, लुलू म्हणजे मोती. लाडाची वाटावीत अशी नावे, पण कुळाचा मागमूस पुसणारी. गंमत अशी, की या गुलामांतलेच काही पुढे सत्ताधीश झाले. दहाव्या शतकात काफूरने इजिप्तवर राज्य केले. अंबर तर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मुघलांशी झुंजला. १६१०च्या सुमारास त्याने वसवलेली खडकी म्हणजेच नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.