दोन कुलाब्यांमधली दोन वर्षं

मुंबईत एक कुलाबा आहे. अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला किल्लाही कुलाबाच, आणि आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत त्याच नावाने ओळखला जायचा. या दोन कुलाब्यांमध्ये तीसएक किलोमीटरचं अंतर आहे आणि त्यातलं बरंचसं पाणी आहे. एप्रिल १९०४ ते एप्रिल १९०६ या काळात या पाण्याच्या दोन्ही काठांवर एकच काम चालू होतं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजून त्याची नोंद ठेवली जात होती. मुंबईची वेधशाळा जुनी आणि नामांकित, अलिबागची अगदी नवी. जुन्या वेधशाळेतलं हे काम बंद होणार हे ठरलेलं होतं, तरीही ते दोन वर्षं थांबवलं नाही. वारसा हाती आला की त्यात फेरफार करायचा मोह आपल्याला होतोच, आणि कधी कधी तो करावाही लागतो. तो कसा करावा, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या किनाऱ्यावर मला सापडलेलं नाही. म्हणून त्या दोन वर्षांचा, आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या काळाचा हा मागोवा.

मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. आकाशातले वेध घेणं आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणं हे तिचं मूळ काम. त्या काळात युरोपात हंबोल्ट आणि गाऊस या शास्त्रज्ञांनी जगभर एकाच पद्धतीने चुंबकीय नोंदी घेण्याची चळवळ उभी केली होती. तिचं लोण मुंबईपर्यंत आलं आणि १८४१ मध्ये एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाब्याला चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. १८४६ पासून त्यांना नियमित शिस्त आली. दोऱ्याला टांगलेला चुंबक किती हलला, हे माणसाने डोळ्याने पाहायचं आणि वहीत लिहायचं. दिवसा, रात्री, पावसातही. पुढे १८७० च्या दशकात छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेषा उमटवणारी उपकरणं आली.

या वह्यांची किंमत लिहिणाऱ्यांना तेव्हा पुरती कळली असेल असं वाटत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात सूर्याबरोबर थोडं वरखाली होतं, ऋतूंप्रमाणे त्याची चाल बदलते, सूर्यावर खळबळ झाली की ते अचानक कोसळतं. या सगळ्याखाली एक अतिशय संथ बदल चालू असतो. तो पृथ्वीच्या गाभ्यातून येतो आणि दिसायला दशकं लागतात. म्हणजे एका वर्षाच्या नोंदीला मोल आहेच, पण खरी संपत्ती आहे ती सलगपणात. साखळी मध्येच तुटली की तिचे दोन तुकडे होतात आणि संथ बदल दोहोंच्या मधल्या फटीत हरवतो.

१८९६ मध्ये हा वारसा नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांच्याकडे आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आणि एडिंबरोत शिकलेले मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या आधी चार्ल्स चेंबर्स यांनी तीसेक वर्षं ही जागा सांभाळली होती. मूस यांच्या हाती पन्नास वर्षांची साखळी आली आणि तिच्याबरोबर एक संकटही आलं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं घाटत होतं.

विजेच्या ट्रामची अडचण गाडीत नव्हती, रुळात होती. तारेतून आलेला वीजप्रवाह रुळांवाटे परत जातो, पण सगळाच जात नाही. त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि जिथून वाहतो तिथे स्वतःचं चुंबकत्व निर्माण करतो. गाडी सुटली, थांबली, वळली की ते बदलतं. अशा परिसरातला चुंबकमापक पृथ्वीचं म्हणून जे सांगेल, त्यात ट्रामचंही मिसळलेलं असणार. हा त्रास मुंबईपुरता नव्हता. टोरोंटोची वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला हलली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युअरला गेलं, तिथली वेधशाळा १९०८ मध्ये सुरू झाली.

मूस यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. आहे तिथेच काम चालू ठेवायचं आणि नोंदी हळूहळू नासू द्यायच्या, हा एक. जुनं बंद करून दुसरीकडे कोरी वही उघडायची, हा दुसरा. पहिल्यात वारसा आदराच्या नावाखाली मरतो, दुसऱ्यात सोयीच्या नावाखाली. मूस यांनी दोन्ही नाकारले.

नवी जागा निवडली ती अलिबागची. मुंबईपासून पुरेशी लांब, मध्ये समुद्र, आसपास गिरण्या नाहीत की रूळ नाहीत. तरीही इतकी जवळ की दोन्ही ठिकाणी चुंबकत्वाची चाल जवळपास सारखीच असावी. इमारत बांधतानाही तोच विवेक दिसतो. आपल्या कोकणातला काळा दगड घराच्या जोत्याला उत्तम, पण त्यात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं. जांभ्याचा लाल रंगही लोहाचाच. चुंबक मोजणाऱ्या घराला हे दोन्ही चालणार नव्हते. म्हणून हाताशी असलेला दगड सोडून पोरबंदरचा दगड आणला. अशा घरात साधी बिजागरीसुद्धा लोखंडाची चालत नाही, वेध घेणाऱ्याच्या खिशातली किल्लीही बाहेर ठेवावी लागते.

एप्रिल १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले. कुलाब्याचे थांबवले नाहीत. एकच वादळ, एकच पावसाळा, दोन्ही काठ तेच क्षेत्र मोजत राहिले. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नवं भाताचं वाण मिळालं म्हणून जुनं बियाणं कुणी त्याच वर्षी कांडून खात नाही. एका खाचरात नवं लावतो, बाकीच्यात जुनं, आणि कणगीतलं बी राखून ठेवतो. वाणी नवा काटा आणतो तेव्हा तेच पोतं आधी जुन्यावर आणि मग नव्यावर ठेवून पाहतो. दोन्हीत फरक असणारच. तो फरक नेमका किती, आणि तो कायम तेवढाच राहतो का, हे कळलं की जुन्या वहीतला आकडा आणि नव्या वहीतला आकडा एका रांगेत मांडता येतो.

दोनच दिवस तुलना केली असती तर हे साधलं नसतं. चुंबकत्वाची रोजची चाल उन्हाळ्यात एक असते, हिवाळ्यात वेगळी. उपकरणाला तापमानाचा त्रास होतो, तोही ऋतूगणिक बदलतो. दोन वर्षांत प्रत्येक ऋतू दोनदा आला. पहिल्या वर्षी दिसलेला फरक खरा होता की योगायोग, हे दुसऱ्या वर्षाने सांगितलं. एप्रिल १९०६ नंतरच कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. नासाडी व्हायच्या आधी काम पुरं झालं होतं.

यानंतर मूस यांनी जे केलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या, मांडल्या, त्यांचा अर्थ लावला आणि १९१० मध्ये दोन भागांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. जागा सोडताना जुन्या घरातली प्रत्येक वस्तू पुसून, नाव लिहून पुढच्यांच्या हवाली करावी, तसं हे काम आहे.

त्याचं फळ फार उशिरा हाती आलं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्यातल्या चुंबकमापकावर क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळला. शांत दिवशी ही हालचाल काही दहा नॅनोटेस्लांच्या घरात असते. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतून तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला, त्या वादळाची जागतिक पातळीवर मोजलेली घट साधारण ४०० नॅनोटेस्लांची होती. १८५९ चं ते वादळ किती मोठं होतं, याचा हिशेब ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कुलाब्याच्या नोंदींवरून मांडला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना सर्वांत वाईट काय घडू शकतं, हे विचारायचं झालं तर या वहीपाशी यावं लागतं.

अलिबागची वेधशाळा तेव्हापासून चालूच आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली आणि हा वारसा तिच्याकडे आला. संस्थेचं मुख्यालय आता नवीन पनवेलला, म्हणजे रायगडातच आहे. छायाचित्रणाच्या कागदांची जागा फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटरने आणि संगणकाने घेतली. उपकरणं पार बदलली, साखळी तीच राहिली. कुलाबा आणि अलिबाग जोडून पाहिलं तर ही जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय नोंदींपैकी एक आहे.

वारसा म्हणजे नेमकं काय, हे मूस यांना कळलं होतं. इमारत, जागा, उपकरणं, यातलं काहीही बदललं तरी चालणार होतं. सलगपणा बदलून चालणार नव्हता. आपल्या हाती वाडवडिलांचं घर येतं, संस्था येते, दप्तर येतं, तेव्हा आपण बहुधा रंग आणि कौलं जपतो आणि ज्यासाठी ते उभं होतं तेच मोडतो. किंवा एका सुट्टीत सगळं उलटंपालटं करून टाकतो आणि मागे परतायला वाट ठेवत नाही.

अलिबाग आता वाढतं आहे. रस्ते, वाहनं, इमारतींमधलं लोखंड, सगळं वेधशाळेच्या दिशेने सरकतं आहे. एक दिवस या वहीला पुन्हा जागा बदलावी लागेल. तेव्हा नवी जागा शोधायला माणसं मिळतील, पैसाही मिळेल. मागायची ती दोन वर्षं. जुन्या आणि नव्या वहीत एकाच दिवशी एकच तारीख पडावी, असे दोन पुरते पावसाळे.