वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : जाण्यापूर्वी आणि घरी आल्यावर

२०१७ साली इजिप्तमधील ईमान अहमद या अतिशय स्थूल महिलेला मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्या वेळी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी गावोगावी पोचली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठीच ही शस्त्रक्रिया असते, असा त्यातून अनेकांचा समज झाला. एकदा पोट कापले की काम झाले, असेही काही जण मानतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. देवरूख परिसरातील माणसाला या उपचारासाठी बहुधा मुंबई-पुण्यासारख्या शहरात जावे लागते. म्हणूनच आधीची तयारी आणि नंतरची काळजी कुटुंबाने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

प्रथम एक सोपे गणित करावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६० मीटर असेल तर वर्ग २.५६ होतो. वजन ९६ किलो असेल, तर भागाकार ३७.५ येतो. यालाच बॉडी मास इंडेक्स म्हणतात. अमेरिकेत १९९१ साली शस्त्रक्रियेसाठी हा आकडा ४०, अथवा मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३५, असा ठरला. आपल्याकडे मात्र कमी वजनावरही हे आजार जडतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे प्रा. जॉन युडकिन यांचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ही तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा अडीचने कमी, म्हणजे ३७.५ व ३२.५ धरण्याची पद्धत पडली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती आणखी खाली आणली.

विम्याची अट मात्र वेगळी आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमावलीत वय १८ पूर्ण आणि निर्देशांक ४०, अथवा गंभीर आजारासह ३५, अशी मर्यादा आहे. डॉक्टरांनी होकार दिला म्हणजे विमा कंपनी पैसे देईलच असे नाही. म्हणून मंजुरीचे पत्र हातात आल्यावरच तारीख ठरवावी. कर्ज काढून नंतर धावपळ करू नये.

जाण्यापूर्वीची तयारी

आज प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होतात.

त्याआधी रक्त, हृदय, सोनोग्राफी व थायरॉईड या तपासण्या होतात. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्याने ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण भूल देताना त्याचा धोका असतो. बिडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद करावी. तंबाखू आणि मशेरीही सोडावी. आपल्या अनेक भगिनी मशेरीला व्यसन समजत नाहीत. डॉक्टरांनी विचारले तरी सांगत नाहीत. हे लपवू नये. मधुमेहाच्या व रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. स्वतः ठरवू नये. बहुतेक ठिकाणी सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्यामुळे यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. तेव्हा ‘आता शेवटचेच’ म्हणून पोटभर जेवण करणे घातक आहे.

पिशवीत जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, विम्याचे कागद, सैल कपडे आणि न घसरणाऱ्या चपला घ्याव्यात.

रुग्णालयातील दिवस

मुक्काम साधारणपणे दोन-तीन दिवसांचा असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला चालवतात. दुखते म्हणून पडून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. श्वासाने गोळ्या वर उचलण्याचे यंत्र देतात. ते कंटाळा न करता वापरावे.

टाके ठीक दिसले की लगेच गावची गाडी पकडण्याची घाई करू नये. जठराच्या शिवणीतून गळती होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो. म्हणून पहिली तपासणी होईपर्यंत शहरातच नातेवाइकांकडे राहावे. परतताना संगमेश्वर रोडपर्यंत रेल्वेने यावे; डब्यात उठून फिरता येते.

नाडी सतत १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, धाप, पोटरीला सूज, काळी शौच, पाणीही न टिकणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जावे आणि शस्त्रक्रियेचा कागद दाखवून सर्जनला फोन लावावा.

घरचे जेवण

प्रथम पातळ पेये, मग सुमारे दोन आठवडे डाळीचे पाणी, ताक, दूध. त्यानंतर घोटलेले, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा सर्वसाधारण क्रम असतो. आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात. पण नुसत्या पेजेत प्रथिने फार थोडी असतात. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिने हवीत. म्हणून मऊ अन्नाच्या टप्प्यावर मूगडाळ, कुळथाची पिठी, दही, उकडलेले अंडे, काटे काढलेली वाफवलेली मासळी यांना पहिला मान द्यावा. पाणी घोटघोट प्यावे, जेवताना नव्हे; जेवणानंतर अर्धा तास थांबावे.

जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या बंद केल्यास पंडुरोग आणि हाडांचा ठिसूळपणा येतो. सतत उलट्या होत राहिल्यास ब-१ जीवनसत्त्व संपून काही आठवड्यांतच नसांना इजा होऊ शकते. अंगदुखीसाठी दुकानातून गोळी आणू नये. काही वेदनाशामकांनी जठरात व्रण होतो. मधुमेह्याची साखर झपाट्याने उतरते, म्हणून औषधाचे प्रमाण तपासून घ्यावे. स्त्रियांनी किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. घाबरू नये, प्रथिने नीट घेतल्यास ते पुन्हा येतात.

सोबतीची गरज

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाई आणि जेवणानंतर धापा टाकीत भगवंतांपाशी आला. भगवंतांनी मात्रेने जेवण्याविषयी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला व शरीर हलके झाले. राजालाही ताटाशी आठवण देणारा माणूस लागला, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या रुग्णालाही असा सुदस्सन हवा. शस्त्रक्रियेने जठर लहान होते. सवय मात्र माणसांच्या साथीनेच बदलते. मुंबईतील सभासदांनी रुग्णाला पंधरा दिवस आसरा द्यावा, तपासणीला सोबत जावे. गावात लग्नकार्यात वा जयंतीच्या भोजनात ‘आणखी एक घास’ असा आग्रह धरू नये. ‘पोट कापून बारीक झाला’ अशी चेष्टा तर मुळीच करू नये. लाजेपोटी माणूस तपासणीला जायचे टाळतो आणि त्यातूनच पुढचे नुकसान होते. ते टाळणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.