उघड्यावरच्या कोडची तीस वर्षं

दुसऱ्याच्या पानावर 'व्ह्यू सोर्स' करायचं आणि ओळ न् ओळ वाचून काढायची. अंधेरी-घाटकोपरच्या सायबर कॅफेंत पुष्कळजण वेब असंच शिकले. १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत घडवलेली जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये वाचता येईल अशाच रूपात पोचते. हा उघडेपणा मला आजही तिची सर्वांत मोठी देणगी वाटते.

पण कोडवर पोट अवलंबून असलेल्यांना तो नडू लागला. राइट-क्लिक बंद करून पाहिलं, निभावलं नाही. २००९ मध्ये गूगलचा क्लोजर कम्पायलर आला. त्याचा हेतू फाइल लहान करण्याचा, पण नावं एकाक्षरी झाली की वाचणारा अडखळायचाच. पुढे तिमोफेई काचालोव यांच्या 'जावास्क्रिप्ट ऑबफस्केटर'सारखी मोफत साधनं आली आणि लपवाछपवी सगळ्यांच्या हाती आली. मजकूर सांकेतिक यादीत दडवायचा, सरळ क्रमाचे तुकडे करून एका भल्यामोठ्या स्विचमध्ये कोंबायचे, अधेमधे कधीच न चालणारा कोड पेरायचा. 'जावास्क्रिप्ट ऑबफस्केटर'च्या माहितीपत्रकातच इशारा आहे: क्रम असा मोडला तर कोड दीडपटीपर्यंत मंदावतो, निरुपयोगी कोड पेरला तर आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढतो. हा भुर्दंड पडतो तो बोरिवली लोकलमध्ये साध्या फोनवर पान उघडणाऱ्याला, आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

शिवाय ही लपवाछपवी टिकतही नाही: डीबगर लावून चालता कोड थांबवता येतो. आता भाषा-मॉडेलंही एकाक्षरी नावांना अर्थाची नावं सुचवतात. भारतीय प्रताधिकार कायद्यानेसुद्धा १९९९ च्या दुरुस्तीत, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यापुरती उकल करायला मुभा दिली.

गणिताने तर २००१ मध्येच बजावलं होतं. बराक, गोल्डराइख, साहाई आदींनी सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम पूर्ण झाकून टाकणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. मग जरा सौम्य व्याख्येचा शोध सुरू झाला. आज पवईच्या आयआयटीत शिकवणारे मनोज प्रभाकरन यांनी २०१५ मध्ये शशांक आणि श्वेता अग्रवाल यांच्यासोबत अशा संकल्पनांना एका सिद्धांतात बांधण्याचा प्रयत्न केला. २०२० मध्ये आयुष जैन, ह्वेजिया लिन आणि अमित साहाई यांनी भरवशाच्या गृहीतकांवर त्या सौम्य व्याख्येत बसणारी रचना उभी केली. एखाद्या बुकिंगच्या पानावर चालवण्याइतकी ती अजून हलकी झालेली नाही. तोवर दर ठरवणारं सूत्र आणि गुप्त किल्ल्या सर्व्हरवरच ठेवाव्या लागतील.