दुधाचे दात आणि पाच रुपयांचा पुडा



नाताळ जवळ आला की आपल्यापैकी अनेकांचे फोन येतात. "ताई, पाड्यावरच्या मुलांसाठी यंदा काय आणू?" आणि पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते, "गोळ्या-चॉकलेटची मोठी पिशवी आणतो." या प्रेमाची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही या अंकात त्या पिशवीबद्दलच लिहिते आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात ज्या पाड्यांवर मी जाते, तिथे तीन-चार वर्षांच्या मुलांनी तोंड उघडले की पुढचे दात हिरडीपाशी काळे पडून तुटलेले दिसतात.

इथले जुने खाणे म्हणजे ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची डाळ, रानभाजी, आणि हंगामात आंबे व मोहाची फुले. गोड होते, पण ते हंगामापुरते. आता पाड्यावरच्या एखाद्या झोपडीतही दुकान असते आणि दारात पुड्यांच्या माळा लटकतात. सकाळी भरपूर साखरेचा कोरा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट. आई मजुरीला निघाली की मूल रडू नये म्हणून आणखी एक पुडा. त्या आईला मी दोष देत नाही. पाच रुपयांत तासभर शांतता देणारे दुसरे काही तिच्या हाताशी नसते.

दात "किडतो" असे आपण म्हणतो, आणि गावाकडे खरोखरच किडा असतो असे मानतात. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो बाहेर काढणारे जाणकार अजून आहेत. दाताला भोक पाडणारा असा किडा नसतो, पण डोळ्यांना न दिसणारे जंतू मात्र प्रत्येकाच्या तोंडात असतात. आपण गोड खाल्ले की तेही खातात आणि आम्ल सोडतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कडक थरातून क्षार ओढून घेते. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, क्षार परत देते, पण तिला त्यासाठी साधारण अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे दातांसाठी अधिक महत्त्वाचे. एक मूल जेवणानंतर पाच गोळ्या एकदम खाते. दुसरे त्याच पाच गोळ्या दिवसभर चघळते. साखर सारखीच, पण दुसऱ्याच्या लाळेला दुरुस्तीला उसंतच मिळत नाही. चिकट बिस्किट दाढेच्या खाचेत बसून राहते, तेही तसेच. रात्री झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणे सगळ्यात वाईट. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक असेल, जंतूंना मात्र दोन्ही सारखेच. मधाचेही तेच. आपल्याला दुधामधाच्या देशाचे वचन प्रिय असले तरी वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूच नये, त्याला वेगळ्या आजाराचाही धोका आहे.

"दुधाचे दात, पडणारच आहेत," हे मी घरोघरी ऐकते. शहरातल्या मंडळींतही ऐकते. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे एक नवी दाढ येते. ती काहीही न पडता येते, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. ती मात्र जन्मभराची असते.

आणि आमच्याकडे दात म्हणजे वजन. एका पाड्यावरची साडेतीन वर्षांची मुलगी कुपोषित म्हणून नोंदलेली होती. पोषण आहार मिळत होता, वजन हलत नव्हते. तिचे ओठ वर करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. दाढा आतपर्यंत पोकळ, भाकर चावताच कळ. मग ती काय खाणार? चहात भिजवलेले बिस्किटच. दात दुखतो म्हणून बिस्किट, बिस्किटामुळे आणखी दुखणे. दातांचा डॉक्टर गाठायचा तर घाट उतरून शहाद्याला जायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि भाडे वेगळे.

दिवाळीनंतर यांतली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुले फडाच्या कडेला बसून दिवसभर ऊस चोखतात. आपल्या चहातली साखर ज्यांच्या हातून येते, त्यांच्याच मुलांच्या दातांची ही अवस्था.

उपाय महाग नाहीत. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर, मध्ये भूक लागली तर शेंगदाणे (अगदी लहानांना कुटून), फुटाणे, भाकरीचा तुकडा. तहानेला पाणी. आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू होते आहे, आणि या पायरीवर ती थांबवता येते. पहिला दात आला की फ्लोराईडच्या पेस्टने घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्रीचे घासणे चुकवू नये, घासल्यावर थुंकावे, खळखळून चूळ भरू नये. मिश्री मुलांच्या तोंडाला लावूच नये, ती तंबाखू आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त असते, तिथे मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यात दातही पाहतात. आम्ही आयांना त्या दिवशी मजुरी सोडून थांबायला सांगतो. पोकळ दाढेवर लावायचे चांदीयुक्त फ्लोराईडचे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याला ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. डाग काळा पडतो, पण बहुतेक वेळा कीड थांबते.

आता नाताळच्या पिशवीकडे. मुलांच्या मापाचे, मऊ केसांचे, लहान डोक्याचे ब्रश आणा. प्रत्येक मुलाला एक, आणि घरातल्या भावंडांसाठी जास्तीचे, नाहीतर एकच ब्रश चौघांत फिरतो. पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराईड १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते वाचा. मुलांच्या रंगीत, फळांच्या वासाच्या काही पेस्टमध्ये आणि बऱ्याच वनस्पतींच्या पेस्टमध्ये ते नसते किंवा फार कमी असते. खाऊ हवाच, सण आहे. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, बोरे चालतील. करंज्या आणल्यात तरी मी परत पाठवणार नाही. त्या आम्ही प्रीतिभोजनाच्या पंगतीत, सगळ्यांना एकदम वाढू. सामान डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचले तर बरे, कारण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले नाताळला घरी नसतात आणि त्यांचे ब्रश फडावर पोहोचवायला आम्हाला चार दिवस लागतात.