'खिडकी' कुठं हरवली?

दोस्तांनो, तुमच्या घरात नाहीतर शेजारी कुणी ताई-दादा पॉलिटेक्निकला असतील, तर त्यांच्या संगणकावर 'ऑटोकॅड' तुम्ही पाहिलंच असेल. टी-स्क्वेअर नको, खोडरबर नको. 'लाइन' टाइप केलं की रेघ, 'सर्कल' म्हटलं की वर्तुळ!

आता समजा, ताईनं मैत्रिणीकडून 'खिडकी' नावाची नवी कमांड आणली. माप सांगा, खिडकी तयार! काल झकास चालली. आज मात्र पडद्यावर एकच उत्तर : 'अननोन कमांड'. उद्या सबमिशन, आणि संगणक म्हणतो, मी हिला ओळखतच नाही!

घाबरू नका. 'लाइन' ही ऑटोकॅडच्या घरातलीच, पण 'खिडकी' आहे पाहुणी. ती राहते एका वेगळ्या फाइलीत, ऑटोलिस्प भाषेत लिहिलेल्या. (ही भाषा ऑटोकॅडमध्ये १९८६ साली आली. स्वस्तातल्या 'ऑटोकॅड एलटी'ला मात्र ती २०२४च्या आवृत्तीपर्यंत कळतच नव्हती. तेव्हा आधी आपलं ऑटोकॅड कोणतं, ते बघा.) फाइल लोड केली तरच ओळख होते, आणि तीही त्या ड्रॉइंगपुरतीच. दुसरं ड्रॉइंग उघडलं, की ओळख संपली! उपाय सोपा आहे. 'ॲपलोड' टाइप करा आणि तिथल्या 'स्टार्टअप सूट'मध्ये फाइल टाका. मग ती दर वेळी आपोआप लोड होते. पण फाइल पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह मैत्रिणीच्या दप्तरात, असं असेल तर ऑटोकॅड तरी काय करणार?

फाइल जागेवर आहे, तरी रडगाणं चालूच? मग ती नोटपॅडमध्ये उघडा. लिस्प म्हणजे कंसांचं जंगल! एक कंस बंद करायचा राहिला, की 'मालफॉर्म्ड लिस्ट' म्हणून तक्रार येते. शेवटचे कंस बोटानं मोजा, लाजू नका. कधी फाइल मुकाट्यानं लोड होते, पण कमांड काही सापडत नाही. तेव्हा 'डीफन' या शब्दापुढचं नाव वाचा. कमांडचं खरं नाव तिथं असतं, फाइलीचं नाव वेगळंही असू शकतं. त्या नावाआधी 'सी' आणि कोलन नसेल, तर ती कमांड होतच नाही.

राहिला पहारेकरी, 'सिक्युअरलोड'. अनोळखी फोल्डरमधली फाइल तो दारातच अडवतो. "त्याला शून्य करून टाक, कटकट मिटेल," असं सांगणारे दादा बरेच भेटतील. त्यांचं मुळीच ऐकू नका! २०१२ साली पेरू देशात ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला 'मेद्रे' नावाचा वर्म सापडला. ड्रॉइंग उघडलं की शेजारी लपलेली त्याची फाइल लोड व्हायची आणि ते ड्रॉइंग गुपचूप ई-मेलनं चीनमधल्या पत्त्यांवर रवाना! अशी हजारो ड्रॉइंग्ज चोरीला गेली.

म्हणून ताईनं एक वेगळं फोल्डर करावं, आपण वाचून पाहिलेल्याच फाइली त्यात ठेवाव्यात आणि 'ऑप्शन्स'मधल्या 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्ये त्याचं नाव घालावं. मग पहारेकरीही 'खिडकी'ला मुकाट्यानं आत सोडतो.