वंशावळ कशात ठेवायची? तीस वर्षांचा मागोवा

गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत घराण्याचा इतिहास पुस्तकांच्या कपाटात असायचा. कापडी बांधणीचा, आडनावानिशी छापलेला कुलवृत्तांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी चित्पावन घराण्यांनी आणि मग इतरांनीही असे ग्रंथ काढले. कुलमंडळ स्थापन व्हायचे, वर्गणी जमायची, माहितीचे फॉर्म गावोगाव जायचे आणि काही वर्षांनी ग्रंथ निघायचा. लालबाग-परळच्या चाळींत असे पुस्तक नव्हते. तिथे हा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता, गावाकडच्या भावकीत होता आणि पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता: गिरणीचा पास, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मनीऑर्डरच्या पावत्या. माझे आजोळ गिरगावातले आणि वडिलांचे घर लालबागचे. नव्वदच्या दशकात दोन्हीकडची वंशावळ एकत्र मांडायला घेतली, तेव्हा हे सगळे ठेवायचे कशात हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला.

त्या वेळी संगणक म्हणजे डीटीपी. गिरगावात, दादरला गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने होती आणि तिथे मराठी उत्तम टाइप व्हायचे: श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम. कितीतरी घराण्यांच्या वंशावळी, स्मरणिका, कुलवृत्तांतांच्या पुरवण्या याच काळात टाइप झाल्या. छपाई सुबक होती, पण प्रत्येकाच्या फॉन्टचे संकेत वेगळे. फॉन्ट गेला की अक्षर गेले. तेव्हाची फाईल आज उघडली तर पणजोबांच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. फॉन्ट कन्व्हर्टर वापरून बराचसा मजकूर परत मिळतो, तरी जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. ज्यांच्याकडे अशी सीडी पडून असेल त्यांनी ती आताच युनिकोडमध्ये आणून घ्यावी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण घरच्या संगणकावर ती नीट उमटायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले.

वंशावळीसाठी खास सॉफ्टवेअर असते, हे सायबर कॅफेच्या दिवसांत कळले. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली ‘पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल’ काढले होते. पूर्वजांची नोंद ठेवणे हा त्यांच्या धर्माचाच भाग, त्यामुळे पुढे ते सर्वांना फुकट मिळू लागले. याच चर्चच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्मही घेतल्या आहेत. आपल्याकडे नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे अशाच नामावळी असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की वही निघते आणि त्यात आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर सापडू शकते. ज्यांना आजोबांच्या पलीकडे काहीच ठाऊक नाही त्यांनी संगणकाला हात लावण्याआधी तिथे जाऊन यावे.

त्या सॉफ्टवेअरने मोठी सोय केली. कागदावर वंशवृक्ष काढताना तिसऱ्या पिढीला पान संपायचे. इथे माणसाची नोंद एकदाच करायची, आईबाप-नवराबायको-मुले जोडायची आणि हव्या त्या दिशेने सरकायचे. अडचण लिपीची. विंडोज ९८ वर देवनागरीची सोय नसल्याने नावे इंग्रजी स्पेलिंगात टाकावी लागली. राम आणि रमा एक झाले. काळे, काले आणि कळे एकाच स्पेलिंगात कोंबले गेले. ज्याला घरची माणसे ठाऊक आहेत तोच ती यादी वाचू शकत होता. पुढच्या पिढीसाठी ठेवलेली नोंद पुढच्या पिढीला वाचता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटे.

तारखांचे काम त्याहून अवघड होते, आणि मला विचाराल तर तेच सर्वांत समृद्ध. आजोळच्या कुलवृत्तांतात जन्म-मृत्यू तिथीने दिलेले: श्रावण वद्य षष्ठी, शके १८३२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. नेमकी तारीख हवी असेल तर जुने पंचांग काढावे लागते. लालबागच्या बाजूला तिथीसुद्धा नव्हती. तिथे साल प्रसंगाने सांगत. अमका मानमोडीत गेला. तमका रामदास बोट बुडाली त्याच्या आदल्या वर्षी मुंबईला आला. कोयनेच्या भूकंपाला धाकटा पाळण्यात होता. संपानंतर काका गावी गेले ते परत आलेच नाहीत.

हे बोलणे मोघम वाटते, पण जुळवायला बसले की त्यातून फार काही हाती लागते. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. माझ्या एका आत्याबद्दल आजी सांगायची, ‘बंदर फुटलं तेव्हा ही पोटात होती.’ गोदीतला तो स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. म्हणजे आत्याचा जन्म त्या दिवसानंतरचा आणि जानेवारी १९४५ च्या आतबाहेरचा. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिची जन्मतारीख १ जून १९४२ आहे. त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर जून महिन्याच्या हिशेबाने ती टाकून देत. सरकारदरबारी दाखला खरा. मी आजीचे खरे मानतो. तरी वंशावळीत दोन्ही तारखा हव्यात आणि कोणती कुठून आली हेही हवे. घराण्याच्या नोंदीत माहितीइतकाच तिचा आधार महत्त्वाचा, आणि आधार लिहायला स्वतंत्र जागा न देणारे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी कामाचे नाही.

‘च्या सुमारास’, ‘च्या आधी’, ‘या दोन तारखांच्या दरम्यान’ अशा नोंदी घेण्याची सोय बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. २००१ पासून स्वयंसेवक विकसित करत असलेल्या ‘ग्रॅम्प्स’मध्ये तर ज्यू, इस्लामी, पर्शियन आणि फ्रेंच राज्यक्रांतीतलीसुद्धा कालगणना आहे. शालिवाहन शक नाही. त्यावर उपाय असा की इसवी तारखेशेजारी मूळ तिथी जशीच्या तशी मजकूर म्हणून लिहायची. तशी सोय त्यात आहे. आपल्याकडच्या तरुण प्रोग्रामरांपैकी कुणी पंचांगाची जोड त्याला दिली, तर हजारो घरांवर उपकार होतील.

गावांचेही तसेच. आमचे मूळ गाव कणकवली तालुक्यातले. आजोबांच्या सगळ्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी, माझ्या चुलतभावाच्या मुलांच्या दाखल्यावर सिंधुदुर्ग. जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. गिरणगावातले पत्तेही बदलले. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला, जेकब ससून गिरणीची इंडिया युनायटेड नंबर एक झाली. एकच जागा वेगवेगळ्या काळात कोणत्या नावाने आणि कोणत्या जिल्ह्यात होती हे तारखांसह नोंदवता येणे आपल्याला फार उपयोगाचे आहे. ग्रॅम्प्समध्ये ते जमते.

बायकांच्या नोंदींबद्दल मात्र सॉफ्टवेअरचे मनापासून आभार मानले पाहिजेत. छापील कुलवृत्तांत पुरुषांच्या शाखेने चालतो. मुलगी सासरी गेली की तिची ओळ सासरच्या नावाशी संपते. सून आली की लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव तेवढे उरते. माहेरी तिला काय म्हणत ते जाते. लालबागला गिरणीतल्या गड्यांची खानावळ चालवून ज्या आजीने घर उभे केले तिचा तर कागदच नाही. पासवर तिचे नाव नाही, रेशनकार्डावर फक्त ‘पत्नी’. सॉफ्टवेअरला मुलगा-मुलगी सारखेच; मुलीची शाखाही मुलाच्या शाखेइतकीच खाली वाढत जाते. एका माणसाला अनेक नावे देता येत असल्याने माहेरचे आणि सासरचे नाव शेजारी शेजारी राहते. आमच्या वंशावळीत भाच्या, नाती, पणत्या आल्या आणि निम्मे घराणे नव्याने भेटले.

पुढे ऑनलाइन वंशवृक्ष आले. जेनी २००७ च्या सुमारास सुरू झाले, २०१२ मध्ये ते मायहेरिटेजने घेतले. परदेशातल्या भाचरांनी उत्साहाने नावे भरली, फोटो आले, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते ते बोलू लागले. हे चांगलेच झाले. पण हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव उघड्यावर ठेवणे मला पटत नाही. बँका ओळख पटवायला तेच विचारतात. गेलेल्या माणसांची माहिती वाटावी, हयातांची घरात ठेवावी.

याच काळात वंशावळ ही हौस न राहता कागदी गरज झाली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी १ जानेवारी १९८२ रोजी कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला. कामगार हयात नसेल तर वारसांना नाते सिद्ध करावे लागले. तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, पीएफची पावती यांसाठी लालबाग-परळची घरे उलथीपालथी झाली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधाने राज्यभर मोडी जाणकारांना मागणी आली. तहसील कचेरीत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र ही रोजची गोष्ट झाली. ज्या घरांत कुणीतरी आधी लिहून ठेवले होते त्यांचे काम पुष्कळ हलके झाले.

दरम्यान सॉफ्टवेअर बंद पडत होती. पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल जुलै २०१३ मध्ये चर्चने थांबवले. फॅमिली ट्री मेकर बंद करत असल्याचे डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले आणि दोनच महिन्यांत ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. लेगसी फॅमिली ट्रीला बरीच वर्षे युनिकोड कळत नव्हते, त्यामुळे मराठी घरांना ते घेण्यात अर्थ नव्हता. आमची माहिती या सगळ्यातून टिकली ती गेडकॉममुळे. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा हा साधा मजकुराचा साचा, तोही मॉर्मन चर्चनेच काढलेला. जुनी रोमन नावे गेडकॉममधून ग्रॅम्प्समध्ये आणली आणि एकेक करून देवनागरीत केली. माणसे, नाती, तारखा सगळे शाबूत आले.

म्हणून कोणते सॉफ्टवेअर घेऊ असे कुणी विचारले की माझे उत्तर ठरलेले आहे. संगणकाची सवय असेल तर ग्रॅम्प्स. ते फुकट आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते आणि कुणाची वर्गणी संपली म्हणून दार बंद होत नाही. ते किचकट वाटत असेल तर दुसरे कुठलेही घ्या, पण घेण्याआधी एक परीक्षा करा. ज्ञानेश्वर आणि कृष्णाबाई अशी जोडाक्षरांची नावे घाला, गेडकॉम फाईल बाहेर काढा आणि ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावे जशीच्या तशी दिसली तर पुढे जा, प्रश्नचिन्हे दिसली तर सोडून द्या. फोटो नेहमीच्या गेडकॉमबरोबर जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो. ते वेगळ्या फोल्डरमध्ये, नाव-साल घालून ठेवावेत. वर्षातून एकदा सगळ्याची प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावी आणि महत्त्वाची पाने छापून घ्यावीत.

नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या आता रिकाम्या होत आहेत. गिरगावातल्या वाड्याही एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. सामान बांधताना पहिला नंबर लागतो तो जुन्या कागदांचा; नव्या घरात जागा नाही म्हणून ते रद्दीत जातात. रद्दीवाल्याला देण्याआधी प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गिरणीचा पास, रेशनकार्ड, भाडेपावती, लग्नपत्रिका, काहीच क्षुल्लक समजू नका. सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात निवडले तरी चालेल. आज एवढेच करा: घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिचे माहेरचे नाव आणि तिच्या आईचे नाव विचारा आणि लिहून ठेवा.